गळ्यातली भागिरथी

१६ जानेवारी १९७४

बोलला! गळ्यातला टाक बोलला! आईची शपथ!

घाईत लिहिते म्हणून अक्षर वाकडं येते. येऊ दे. ही वही कोथिंबिरीच्या बियाच्या मडक्यात राह्यते, कोण वाचणार आहे?

दुपारी नवऱ्यानं मले कांद्याच्या कोठीत कोंडलं. काहून, तर भाकर करपली. करपली नोतीच! जराशी काळी होती एका बाजूनं. पाठीत दोन बुक्क्या घातल्या, बाहेरून कडी लावली अन् मळ्यात निघून गेला. आत अंधार, कांद्याचा वास, डोळ्यातून धारा. तेवढ्यात कोणीतरी बोललं. कानात नाई— गळ्यात! बाईचा आवाज, जरासा बसलेला.

"रडू नको वं. फटीतून बोटं घाल. कडी उचलून धर, मग ओढ. वाजत नाई."

बोटं घातली. उचलली. ओढली. वाजली नाई!

तीन वर्षं झाली मले या घरात. मले हे माहीत नोतं, तिले माहीत होतं.

१७ जानेवारी

आज टाक गप आहे. मीच येडी झाली अशीन.

भागिरथी माझी सवत. मेलेली. मी तिले कधी पाह्यलं नाई. मले दुसरेपणावर दिली ना, तर हळदीच्या आधी बुढीनं— सासूनं— तिचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. नखाएवढी चांदी, त्याच्यावर ठोकून काढलेली बाई, दोन डोळे अन् एक कुंकू. पयली मेली की दुसरीनं तिले असं गळ्यात वागवायचं, नाईतर ती कोपते. कुंकू आधी तिले, मग मले. नवं लुगडं आधी तिले टेकवायचं, मग नेसायचं. घास आधी तिच्या नावाचा. म्हणजे या घरात आधी तो, मग बुढी, मग भागिरथी, मग दोन बैलं, मग मी!

ती पुरात गेली म्हणतात. नदीच्या काठावर लुगडं अन् चपला सापडल्या.

२२ जानेवारी

अव माय! टाक धडधडते!

सकाळी वांगी तोडता तोडता गळ्याले हात गेला. चांदी गरम. अन् आत ठक-ठक, ठक-ठक. मले वाटलं माझंच काळीज असंन. एक हात छातीवर ठेवला, एक टाकावर. दोन्ही वेगवेगळे! माझं पळून राह्यलं होतं, तिचं हळू.

बुढीले सांगतलं. बुढीचं तोंड पांढरं पडलं. "सवत जागी झाली. आता तुले घेऊन जाते ती. मंगळवारी दहीभात ठेव तिच्यापुढं."

लय भेव वाटलं. अंघोळ करून दहीभात ठेवला, डोळे मिटले, हात जोडले. तर गळ्यातून म्हणते कशी, "बुढीच्या हातचं दही आंबट राह्यते. तूच खाऊन घे."

एवढी हासली मी, एवढी हासली! बुढी दारातून पाहून राह्यली होती. आता तिले मी झपाटलेली दिसते. दिसू दे ना.

५ फेब्रुवारी

भाजी घेऊन मंगरुळच्या बाजारात गेली होती. टोपली रिकामी झाली तशी शेषराव सोनाराकडे गेली. हा टाक त्यानंच केलेला. म्हणली, काका, गळा लाल होऊन राह्यला, कडी ढिली करून द्या. त्यानं टाक हातात घेतला अन् झटकन खाली टाकला! विस्तव धरल्यावानी.

"हा गरम काहून?"

मले काय माहीत?

मग हळू आवाजात इचारते, "बाई, तुह्या सवतीचं मढं पाह्यलं होतं का कोणी?" मी म्हणली, लुगडं सापडलं, चपला सापडल्या. तो म्हणे, "मी तुह्या नवऱ्याले इचारलं होतं. मढं सापडलं, जाळून आलो, असं सांगतलं होतं त्यानं मले. मढं सापडल्याशिवाय आमी टाक ठोकत नाई." अन् टाक माझ्या टोपलीत ठेवला, पैसे न घेता दुकानाची फळी लावली. भर दुपारी!

माझ्यासंग तर त्याचं खोटं रोजचंच आहे. पण सोनारासंग काहून बोलला असंन?

१४ फेब्रुवारी

आज टाकातून भागिरथीनं इचारलं, "जेवली का वं?"

या घरात मले हे कोणी इचारलं नोतं. बांधावर बसून रडली. चांगलं वाटलं रडून.

१५ फेब्रुवारी

रोज बोलते आता! मी मेथीच्या जुड्या बांधते अन् ती बडबडते. कोणती गाय लाथ मारते, त्याची दारू कोणत्या खोपटात राह्यते, त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल शीर दिसली की आपण मळ्याच्या पल्याड जायचं. आज दिसली शीर. गेली पल्याड. त्यानं बैलाले मारलं. बैलाची कीव आली, पण मी वाचली!

मेलेली बाई एवढी गोष्टीवेल्हाळ राह्यते का? मले तर जिवंत मैत्रीण अशी मिळाली नोती.

१ मार्च

भागिरथी म्हणली, "माहेरी काहून जात नाई?"

गेली होती ना. दोनदा. दोन्ही खेपेले दादानं गाडीत बसवून आणून सोडलं. "जिजे, नवरा मारते म्हणून कोणी घर सोडते का?" दादाच्या मांडीवर त्या वक्ती त्याची पोरगी होती. तिच्या सासरी असं झालं तर काय करशीन, हे इचारायचं राहून गेलं. आता सुचते!

तिले सांगतलं सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणे, "मलेबी बापानं परत आणून सोडलं होतं. म्हणून तर..."

म्हणून तर काय? सांग ना बाई!

११ मार्च

लिहिते. लिहिलंच पाह्यजे.

सांजच्या पाण्याले इहिरीवर गेली. तो मागून आला. मी टाकासंग हासून बोलून राह्यली होती, ते त्यानं ऐकलं. "कोणासंग बोलते? कोण यार आहे तुहा?" अन् दोन्ही हात माझ्या गळ्यावर. काठाकडे ढकलत नेलं. "पयलीले नदीनं नेलं, तुले ही इहीर घेईन." डोळ्यापुढं काळं काळं झालं.

अन् मग टाक पेटला!

मले चटका नाई. त्याले! कातडी जळल्याचा वास आला, मोठ्यानं बोंबलला अन् सोडलं मले. तळहात समोर धरून पाहून राह्यला. मीबी पाह्यला. तळहातावर नखाएवढी बाई उमटली— दोन डोळे, एक कुंकू!

आता थरथरून राह्यलो आमी दोघंबी. पण मी वेगळ्या कारणानं. मले नाचावं वाटते!

१५ मार्च

बुढी त्याले सांगून राह्यली होती, मी भिंतीच्या अल्याड. "टाक तिच्यापासून निघणार नाई. दोघी एकत्रच गेल्या पाह्यजेत. रामनवमीची पोहऱ्याची यात्रा होऊ दे, माल इकू दे, मग इहीर आहेच."

म्हणजे रामनवमीपर्यंत आहे मी. सतरा दिवस.

लिहून पाह्यलं, सतरा. मग भागिरथीले सांगतलं. ती म्हणली, "सतरा लय झाले वं. मले तर तीनच भेटले होते."

२४ मार्च

पाडवा. गुढीले गाठी बांधली! सगळं ठरलं!

तो मले यात्रेले नेणार नोता. पण हात! फोड फुटला, बरा होत नाई. कासरा धरता येत नाई, तराजू धरता येत नाई. वांगी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, गाडीभर माल कोण इकणार? बुढीचे गुडघे गेले. म्हणजे मीच! दात खाऊन म्हणला, "तू चाल. पण टाकाले पदरात झाकून ठेव."

झाकते ना बाबा, झाकते.

भागिरथी म्हणे, "यात्रेत होमापाशी नारळाचा ढीग राह्यते, त्याच्यामागं ये. पण आधी तिथल्या इहिरीच्या काठावर चपला काढून ठेव. वर एक जुनं लुगडं. मंग तुले कोणी हुडकत नाई, दादाबी आणून सोडत नाई. मेलेल्या बाईले कोण परत आणते?"

मी इचारलं, तुले कसं माहीत?

हासली नुसती.

३१ मार्च

गाडीत वांग्याच्या पोत्यामागं बसून लिहिते. रस्ताभर माणसंच माणसं! तांड्यातांड्यातून बंजारा बाया चालल्या, आरशाची झूल घातलेली बैलं, डफ, गाणे. मले तहान नाई, भूक नाई. तो म्हणे, "दात काहून काढून राह्यली?"

यात्रा पाहून, म्हणली.

१ एप्रिल

तंबाखू आणाले गेला. चालली!!

४ एप्रिल

शालिकराम! शालिकराम! शालिकराम! लिहिलं त्याचं नाव. तीन वर्षं तोंडातून काढलं नोतं. घे!

आता नीट सांगते. तराजू तसाच टाकला. दोन बाया मिरच्या घेऊन राह्यल्या होत्या, त्याह्यले म्हणली, घ्या, फुकट घ्या! अन् पळाली. इहिरीच्या काठावर चपला काढल्या, लुगडं ठेवलं. त्या चपला मले आवडत होत्या, त्याचं जरासं वाईट वाटलं. अनवाणी निघाली. जमीन तव्यावानी तापलेली, तुपाचा धूर, नारळाचा वास, रेटारेटी. कोणाचा धक्का लागला की वाटे त्यानंच धरलं. टाक गळ्यात उड्या मारून राह्यला होता, ठक-ठक-ठक, माझ्या काळजाच्या बरोबरीनं. दोन्ही एकच झाले!

नारळाच्या ढिगामागं एक बाई उभी. पन्नास माणसं असतीन तिथं, पण मी तिलेच पाह्यलं. आपल्यासारखंच लुगडं, वर बंजारा ओढणी. एक हात गळ्याशी धरलेला. तिनं हात काढला. गळ्यावर नखाएवढा लाल डाग.

"जिजा ना तू?"

आवाज तोच. जरासा बसलेला. पण या खेपेले गळ्यात नाई, तोंडातून आला!

मी तिचा हात धरून पाह्यला. म्हणली, तू तर मेली!

"मेली नाई वं. पळाली."

पुरात लुगडं सोडलं अन् नदी उतरायच्या आधीच ती तांड्यावर निघून गेली होती. रूपला मुकादमाच्या टोळीत विटा थापते. माझ्या लग्नाच्या पयल्या वर्षीच तिच्या गळ्यात कोणीतरी रडाले लागलं. इकडं मले मार बसला की तिकडं हिचा गळा जळे. "मले वाटलं मी येडी झाली. तांड्यावर बायांनी लिंबू उतरवले. मंग एक दिवस कांद्याचा वास आला अन् मले समजलं. ती कोठी! मी कोणाच्या तरी गळ्यात आहे!"

जिवंत बाईचा टाक केला त्यानं. लग्नाची घाई झाली म्हणून सोनाराले खोटं सांगतलं, अन् चांदीत तिचा जीव अडकवला.

भागिरथीनं स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यातून टाक काढला अन् होमात टाकला. दोघींचा गळा एकाच वेळी थंड झाला. दोघीबी रडलो, मग चहा प्यालो. दोन-दोन कप!

१९ मे

वीटभट्टी. हात सोलपटले, कंबर गेली. पण सांजी भाकर करपली माझी, पार कोळसा. भागिरथीनं खाल्ली अन् म्हणली, "उद्या मी करते."

झालं! एवढंच म्हणली!

२ ऑक्टोबर

तांड्यावर बातमी आली. रूपला मुकादम सांगून राह्यला होता, मंगरुळकडच्या माळ्याची दुसरी बायको यात्रेतल्या इहिरीत गेली म्हणे. दहावं-तेरावं झालं. मी तिथंच बसून शेंगा सोलून राह्यली होती. म्हणली, बिचारी! भागिरथीले ठसका लागला.

सुखी आहे मी. लिहून ठेवते, म्हणजे पुढं कोणी म्हणाले नको की नोती.

८ डिसेंबर

भट्टीवर चिखल तुडवून राह्यली होती. एकदम गळा जळला. मी ओरडली. भागिरथी धावत आली, माझा पदर सारून पाह्यलं अन् खालीच बसली. "लाल डाग," म्हणली. "जिजे, त्यानं तुहाबी टाक केला. तिसरी आणली त्यानं."

तेवढ्यात मले ऐकू आलं. माझ्या गळ्यात एक पोट्टी रडून राह्यली होती. लहान आवाज, सतराची बी नसंन. अन् कांद्याचा वास.

चिखलाचे हात तसेच गळ्याशी नेले अन् म्हणली, "रडू नको वं. फटीतून बोटं घाल. कडी उचलून धर, मग ओढ. वाजत नाई."

रडणं थांबलं. ऐकून राह्यली ती!