बॅगा राखण्याची माझी पद्धत

६ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ.
पहिली सराव-चढाई झाली. पाच माणसं. मी (लीडर), हे, खालच्या मजल्यावर राहणारी धाकटी जाऊ, तिच्या ओळखीचे दंतवैद्य आणि शेजारचा ड्राफ्ट्समन, ज्याला सगळे लांबटांग्या म्हणतात.
शिखराखालच्या सपाटीवर बॅगा ठेवून शेवटचा कडा मोकळ्या पाठीने चढलो. उतरून पाहतो तर कावळे. ब्रेड गेला, अंडी गेली, दंतवैद्यांचा एक मोजा झाडावर. झिपा फाडलेल्या नव्हत्या, रीतसर उघडलेल्या होत्या. हे म्हणाले, त्यांचाही आज रविवार असेल. मी हसले नाही.
नोव्हेंबरात मोठी खिंड आहे. कॉलेजात असताना माझी हुकली, वडिलांनी सोडलं नाही. यंदा हुकणार नाही. तिथे बॅगा दिवसभर खाली ठेवून वर जायचं असतं. त्यांची व्यवस्था लीडरनेच करायची.
माझा नियम पुन्हा सर्वांना ऐकवला. ज्याला आपली बॅग आपल्या पाठीवर पेलत नाही, त्याने खिंडीला यायचं नाही. बोलताना दंतवैद्यांकडे पाहिलं. पोट सुटलं आहे त्यांचं.
गुडघा कुरकुरतो आहे. बूट नवे आहेत म्हणून.

८ ऑक्टोबर, मंगळवार.
पद्धत ठरली. झिपांच्या टोकांत किल्लीच्या कड्या अडकवायच्या. चोरासाठी साखळी आणि वसतिगृहाचं लोखंडी कुलूप. (मी रेक्टर म्हणून निवृत्त झाले तेव्हा ते माझ्याबरोबर आलं. कुणी मागितलं नाही.) वर जाळी, जाळीवर पाचोळा. हे सगळं माझ्याच बॅगेत, कारण दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं की विसरणार. शिवाय स्टोव्ह, पातेलं, दोरखंड, औषधांचा डबा.
हे म्हणाले, राखायच्या सामानापेक्षा राखणीचं सामान जास्त झालं. ह्यांना शिस्तीची ॲलर्जी आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार.
पूर्ण यश. बॅगा इतक्या उत्तम लपवल्या की आम्हालाच सापडेनात. लांबटांग्या म्हणाला, काकू, एखादा चोर बोलावू या का, तो तरी शोधून देईल. या पिढीला निरीक्षणशक्ती नाही. शेवटी दंतवैद्य जाळीत पाय अडकून पडले तेव्हा जागा कळली. पण एकाही बॅगेला चोच लागलेली नव्हती.
चढताना मला दर वळणावर थांबावं लागलं. निसर्ग पाहण्यासाठी. उतरताना मात्र सर्वांच्या पुढे मी. पाठ पिसासारखी हलकी. सराव अंगी लागतो तो असा.

१४ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी.
बॅग उपसली. स्टोव्ह नाही. दोरखंड नाही. कड्या जागच्या जागी. कावळा कडी एक वेळ काढील, परत लावणार नाही. म्हणजे माणूस.
ह्यांचे दोन स्वेटर माझ्या बॅगेत निघाले. ह्यांना स्वतःची बॅगसुद्धा ओळखता येत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार.
आज नवी युक्ती. एक जुनी बॅग बिस्किटं भरून मुद्दाम उघड्यावर ठेवली. चोर आणि कावळे दोघंही तिकडे वळतील. (तीही मीच वर नेली. जड नव्हती. घाम उन्हाचा.) कावळे वळले. बिस्किटं संपल्यावर सगे-सोयरे घेऊन आमच्या पाचोळ्याकडे आले आणि जाळीवर बसून राहिले. त्यांना वाटलं हेही आपल्यासाठीच.
परतीला मी पुन्हा सर्वांच्या पुढे. दंतवैद्य धापा टाकत होते. मी त्यांना श्वास कसा घ्यावा ते शिकवलं.
घरी येऊन पाहते तर पातेलं नाही, औषधांचा डबा नाही.
संशय लांबटांग्यावर. बॅगा उचलताना तो नेहमी मागे रेंगाळतो. फक्त जाऊला बोलले. ती म्हणाली, वहिनी, असा कुणावर आळ घेऊ नये, चांगला आहे हो मुलगा. केवढं मोठं मन. एकटीच आहे जिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. कुलपाची दुसरी किल्ली तिच्याकडेच दिली.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.
सापळा तयार. वसतिगृहात साखरचोर पकडली होती तोच. घशाला लावायच्या जांभळ्या औषधाची कोरडी पूड. कोरड्या हाताला दिसत नाही, पाणी लागलं की रंग चढतो आणि आठवडाभर जात नाही. नव्या स्टोव्हला, नव्या दोराला, साखळीला, सगळ्याला चोपडली. हातमोजे घालून. या वेळी जाऊलाही सांगितलं नाही. हळवी आहे ती.

२७ ऑक्टोबर, रविवार.
वर साखळी मीच लावली, मीच काढली, हातमोजे घालून. उतरल्यावर सगळ्यांना ओढ्यावर हात धुवायला लावले.
लांबटांग्याचे हात जांभळे झाले. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दंतवैद्यांचे झाले. मग जाऊचे. ह्यांचे कोपरापर्यंत, आणि नाक खाजवल्यामुळे नाकही.
माझे तेवढे स्वच्छ.
माझी बॅग उघडली. आत ह्यांची हवेची उशी. फुगवलेली. ती पाठीवर घेऊन मी डोंगर उतरत होते आणि लोकांना श्वास घ्यायला शिकवत होते.
सगळं सामान या चौघांत वाटलेलं. आधीचंही जाऊच्या पोटमाळ्यावर आहे म्हणे. किल्लीबद्दल तिने आभार मानले. म्हणाली, पहिल्याच रविवारी तुमचा पाय लटलट कापत होता वहिनी, बोललो असतो तर तुम्ही हट्टाने आणखी एक साखळी उचलली असती. हे म्हणाले, तुझी खिंड हुकू नये म्हणून केलं गं. दंतवैद्यांनी विचारलं, उद्या पेशंटच्या तोंडात हे हात घालू कसे.
चोर परका असता तर पोलिसांत तरी गेले असते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार.
सगळ्यांना घरी बोलावलं. नियम माझा, तो मलाही लागू, असं जाहीर केलं. मी खिंड चढणार नाही, पायथ्यापर्यंतच येईन. जाऊ म्हणाली, असं काय करता वहिनी, चला ना, आम्ही घेऊ की सामान. मी ठाम. हे म्हणाले, नियम तूच केलास, तूच मोड. मी ठाम.
लांबटांग्या काहीतरी बोलणार असं वाटलं. त्याने बिस्कीट घेतलं. मग ते निघायच्या वेळेबद्दल बोलू लागले.
माझ्या हिशेबाने तिसऱ्यांदा आग्रह व्हायला हवा होता.

९ नोव्हेंबर, शनिवार. पायथ्याची लॉज.
उजाडता उजाडता गेले चौघं. रात्रीचा मुक्काम वाटेत, येतील उद्या. आदल्या दिवशी मी कड्या, साखळी, कुलूप, जाळी, सगळं समजावून जाऊच्या ताब्यात दिलं. तिने प्रत्येक वेळी मान डोलावली.
आत्ता चप्पल शोधायला वाकले. सगळं माझ्या पलंगाखाली आहे. नीट घडी घालून.
भोगतील. वर गेल्यावर माझी आठवण येईल.

१० नोव्हेंबर, रविवार. दुपार.
आले. चेहरे उन्हाने रापलेले, सगळे एकदम बोलत होते. मी दारातच विचारलं, बॅगा कुठे ठेवल्या होत्या. लांबटांग्या म्हणाला, वाटेवरच ठेवल्या काकू, ढीग करून. झाकल्या होत्या का. नाही. कुलूप. नाही. कावळे आले का. जाऊ म्हणाली, आले होते, चक्कर मारून गेले. खाणं सगळं खिशात घालून वर नेलं होतं, मग बॅगेत त्यांना काय मिळणार. आणि चोर. हे म्हणाले, एवढ्या उंचावर आपले कपडे चोरायला कोण दमणार.
मी चारही बॅगा तपासल्या. मोजे जोडीने होते.
मग ते आंघोळीला गेले, जेवले, आणि आता झोपले आहेत. चौघंही. मी बॅगांचंच विचारत राहिले. खिंडीपलीकडे काय दिसतं, ते विचारायचं राहून गेलं.