कानोसा आणि तीनशे बारा नावं

विष्णुपुरी, नांदेड
३ डिसेंबर २०२३

प्रिय मालू,

माझ्या हातचं पत्र बघून तू आधी दचकली असशील. घाबरू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. गावाकडे अण्णा ठणठणीत आहेत, बहात्तराव्या वर्षी रोज देवणी गाईची धार स्वतः काढतात आणि मी नको म्हटलं की माझ्यावरच डाफरतात. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी एकमेकींचं बोलणं तोडतो. शिवाय जे सांगायचंय ते तू सबंध ऐकायला हवंस, मध्येच "थांब, थांब शिल्पे" म्हणून न अडवता. पत्राला अडवता येत नाही, एवढ्यासाठी कागद घेऊन बसले.

माझं कसं चाललंय म्हणून तू दर वेळी विचारतेस आणि मी "चाललंय" म्हणते. आज नीट सांगते. सकाळी कॉलेजात दोन तास शिकवते, दुपारी घरूनच एका कंपनीचं काम करते, त्यावर घर चालतं. पण दिवसातला जीव असतो तो सकाळच्या चहाबरोबरच्या तासाभरात. तेव्हा मी 'कानोसा' उघडते. म्हणजे तो मी बनवलेला प्रोग्रॅम. एकच नाव दोन याद्यांत दोन तऱ्हेनं लिहिलेलं असलं, तर ते एकाच माणसाचं आहे हे तो ओळखतो, अक्षरं न बघता उच्चारावरून. सगळ्यांसाठी खुला. कुणीही घ्यावा, आतून वाचावा, बदलावा, दुरुस्ती पाठवावी. कधी काठमांडूहून कुणी विचारतं की आमच्याकडचं 'व' आणि 'ब' तुमचं यंत्र वेगळं का धरतं. कधी कुणी नुसतंच खेकसतं की तीन दिवस झाले, उत्तर का नाही, जणू मी त्याच्या पगारावर आहे! मी चहा पिते आणि दोघांनाही सारख्याच शांतपणे उत्तर लिहिते. खेकसणाऱ्याला थोडं उशिरा.

अण्णांना हे समजावताना माझी परीक्षाच झाली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढी दूरदूरची माणसं तुला कामाला लावून राहिली, अन् ह्याचा मालक कोण हाय?" मी म्हटलं, मालक कोणी नाही. "तू बी न्हाई?" मी पण नाही. ते बराच वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग लई मोठं काम हाय." नातेवाइकांत मात्र अजून चालूच असतं, की एवढी शिकलेली पोरगी, फुकट वाटत बसते. तुला तर माहीतच आहे, मला मेडिकल मिळालं नाही तेव्हापासून मी त्यांच्या लेखी बिचारीच आहे. मला नाही वाटत तसं. कधीच वाटलं नाही. मागच्या पावसाळ्यात डोंगराकडच्या एका राज्यात पूर आला, तिथल्या स्वयंसेवकांनी दवाखान्यांच्या याद्या आणि बेपत्ता माणसांच्या याद्या कानोसात घालून पडताळल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं की एकेचाळीस माणसं जुळली. त्यात शेवटी एक ओळ होती, एका आजीचं नाव चार याद्यांत चार प्रकारे लिहिलेलं होतं आणि ती नातवाला सापडली. मालू, मी ती ओळ छापून घेतली आणि अण्णांच्या खाटेशेजारी भिंतीला चिकटवली. कुणी आलं की ते वाचून घेतात, म्हणतात, "वाचा जरा, मला चष्मा न्हाई." चष्मा डोळ्यावरच असतो.

ही कल्पना मला कुठून सुचली, हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात सुचली. आपण बारावीत, लातूरला एका खोलीत, तू प्राध्यापकाची मुलगी आणि मी किल्लारीच्या अलीकडच्या खेड्यातली. भूकंप झाला त्या सकाळपासून क्लास बंद, आणि आपल्याला सरकारी दवाखान्यात नावं लिहायला बसवलं. ट्रकमधून माणसं येत होती. आई आणि धाकटा देवणीला मावशीकडे गणपतीला गेले म्हणून वाचले हे दुसऱ्या दिवशी कळलं. अण्णा मात्र जनावरांसाठी घरी थांबले होते, आणि आमच्या गल्लीत एकही भिंत उभी नव्हती. ते मातीखाली सापडले नाहीत, लातूरच्या वॉर्डात नव्हते, कुठल्या छावणीत नव्हते. नऊ दिवस. सोलापूरला नेलेल्या जखमींची यादी भिंतीवर लावली होती, ती मी तीनदा वाचली. अण्णांचं नाव, माणिकप्पा बिराजदार, कुठेच नाही.

चौथ्यांदा तू वाचलीस, मोठ्यानं. तुला वाटलं असेल मला ऐकू आलं तर बरं वाटेल. मी भिंतीला पाठ लावून बसले होते आणि तू कविता म्हणावी तशी एका दमात नावं म्हणत चालली होतीस. एके ठिकाणी थबकलीस, मागे आलीस. "मनी कापा, वय चाळीस, डावा पाय." पुन्हा म्हणालीस, जोडून, "मनीकापा." मग माझ्याकडे वळून विचारलंस, "शिल्पे, तुझ्या वडलांना गावात काय म्हणतात गं?" ती यादी कुणी परप्रांतीय माणसानं कानाला पडेल तशी लिहिली होती. मला ते तीनदा कुण्या बाईचं नाव वाटलं होतं, आणि मी ती ओळ ओलांडून गेले होते.

तुझे बाबा तुला नांदेडला न्यायला आले होते. त्यांनी एक अक्षर न विचारता आपल्याला दोघींना सोलापूरच्या एसटीत बसवलं. वॉर्डात अण्णा पाय वर टांगून पडले होते, मला बघून पहिलं काय बोलले ते आठवतं ना? "परीक्षा कधी हाय?" आणि तू रडायच्या ऐवजी हसत सुटलीस.

परीक्षा मी दिली, पण तुझ्यासारखी नाही. तू मेडिकलला गेलीस, मी इथे विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आले. दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा संगणकासमोर स्वस्थ बसायला मिळालं आणि मला एकच गोष्ट करून बघायची होती: तू कानानं जे केलंस ते यंत्राला शिकवता येईल का. तेव्हा धड मराठी अक्षरंसुद्धा पडद्यावर उमटत नसत, मी इंग्रजी अक्षरांत मराठी नावं लिहून खेळत असे. पुढे नोकऱ्या झाल्या, अक्षरांची सोय झाली, आणि दोन हजार नऊमध्ये मी ते सगळं नव्यानं लिहून लोकांसाठी खुलं केलं. तेव्हापासून चौदा वर्षं झाली. आजपर्यंत सत्तावीस जणांनी त्यात हातभार लावलाय. त्यातल्या दोघांनाच मी प्रत्यक्ष भेटले.

आता या ऑगस्टमधली गोष्ट. एके सकाळी एक तक्रार येऊन पडली होती. पाठवणाऱ्यानं नाव 'बाभूळ' एवढंच लावलेलं. मराठी शुद्ध, सूर नम्र, पण मुद्दा टोकदार. आमच्या उदगीर-देवणी-निलंग्याकडची नावं कानोसाला ओळखता येत नाहीत. धोंडप्पाचं कुणी 'धोंड आप्पा' केलं, ईश्वरप्पाचं 'ईश्वर अपा' केलं, की संपलं. दोन शब्द दिसले की तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्याला आडनाव समजून सोडून देतो. सोबत तीनशे बारा नावांची यादी, प्रत्येक नाव दोन-तीन प्रकारांनी, जशी ती वेगवेगळ्या दाखल्यांवर खरोखर लिहिली गेली होती तशी. आडनावं मुद्दाम काढून टाकलेली, कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून. मी ठरवून टाकलं की हा कुणी तहसीलमधला चाळिशीचा माणूस असणार, आणि उत्तर लिहिलं, "बाभूळ सर, निरीक्षण बरोबर आहे, पण ही अडचण फार थोड्यांची आहे, सवडीनं बघू." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "मी मोजलंय. दर दहा नावांत तीन. मॅडम, तुम्ही आमच्याच भागातल्या ना?"

मालू, मला राग आला. खरं तर लाज वाटली. या सगळ्या वर्षांत मी हजारो नावं या प्रोग्रॅममधून काढली. नेपाळची, बंगालची, कुठकुठली. एक नाव मी कधीच घातलं नव्हतं. त्या सकाळी घातलं. एका बाजूला माणिकप्पा, दुसऱ्या बाजूला मनी कापा. पडद्यावर आलं, जुळत नाही. ज्या ओळीपासून मी सुरुवात केली तीच ओळ माझा प्रोग्रॅमसुद्धा ओलांडून गेला होता. चहा गार झाला, कॉलेजचा पहिला तास बुडाला. मुलांना मी खोटंच सांगितलं की स्कूटर चालू होत नव्हती.

मग मी बाभूळला लिहिलं, की तुमचं बरोबर, माझं चुकलं, दुरुस्ती तुम्हीच करून पाठवाल का. पहिली दुरुस्ती आली ती मी परत केली. तिच्यामुळे भलतीच नावं एकमेकांना चिकटत होती. आठ दिवसांनी दुसरी आली, ती बरोबर पण फार हळू. तीही परत केली. तुला माझा स्वभाव माहीत आहे, कुणी नवं आहे म्हणून मी सोडत नाही. समोरच्यानंही एकदासुद्धा कुरकूर केली नाही. उलट माझ्याच जुन्या लिखाणातली आणखी एक चूक काढून दाखवली, हळूच, मला ओशाळवाणं न करता. दर वेळी काम रविवारी दुपारीच यायचं, म्हणून मी समजले की माणूस नोकरीत अडकलेला असणार. तिसरी दुरुस्ती ऑक्टोबरच्या अखेरीला आली. अवघ्या चाळीस ओळी, मी चार दिवस त्यात खोट शोधत होते. नाही सापडली. मग पुन्हा माणिकप्पा आणि मनी कापा. या वेळी क्षणात जुळलं. मी तशीच गावी गेले आणि अण्णांना पडद्यावर दाखवलं. त्यांनी स्वतःचं ते मोडकंतोडकं नाव बोटानं गिरवलं आणि विचारलं, "कुणी केलं हे?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "इचार की मंग."

विचारलं. नव्या आवृत्तीत तुमचं खरं नाव द्यायचंय, कसं लिहू? त्या उत्तराला नऊ दिवस लागले. आलं ते असं: "उर्वी. लातूर. शिल्पामावशी, मी मालविकाची मुलगी. आई तुमच्या कानोसाबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, म्हणून मी बघायला घेतला. ओळख सांगितली असती तर तुम्ही माझं काम सहज घेतलं असतं. ते मला नको होतं." ती नावं तिच्या हॉस्टेलातल्या मुलींनी दिलेली, वडलांचं नाव प्रत्येक दाखल्यावर वेगळं, म्हणून प्रवेशाच्या वेळी रडकुंडीला आलेल्या मुली. मी तिला लगेच फोन केला आणि आधी तुझ्या वतीनं रागावले, की मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची दुसरी खेप आहे, अभ्यासाचं काय? क्लास तिनं एकही बुडवलेला नाही, हे मी खोदून खोदून विचारलं. पण मालू, पुढच्या वर्षी तिला संगणकाकडे जायचंय, आणि हे तुझ्यासमोर बोलायला तिचं तोंड उघडत नाही. मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही लिहा. आई तुमचं शेवटपर्यंत वाचेल." तिच्याच सांगण्यावरून हे पत्र लिहिलंय, तिला विचारल्याशिवाय नाही. पुढे काय शिकायचं ते तुम्ही मायलेकी ठरवा, त्यात मी पडणार नाही. पण ती मान खाली घालून तुझ्यापुढे उभी राहण्याआधी तुला एक माहीत असावं: माझ्याबरोबर काम केलेल्या या सगळ्या माणसांत इतक्या नेटानं आणि इतक्या मायेनं काम करणारं दुसरं कुणी नाही. मी तिला कानोसाच्या किल्ल्या दिल्या आहेत. म्हणजे यापुढे कुणी काही बदल पाठवला, तर तो घ्यायचा की नाही हे माझ्याइतकंच तीही ठरवील. हा अधिकार मी आजवर कुणालाच दिला नव्हता. शनिवारी ती परभणीला घरी येतेय. तिला जवळ बसव आणि म्हण, दाखव बरं काय केलंस ते. समजलं नाही तरी सगळं बघ.

या वयातही तुझ्यापुढे मिरवायला आवडतं अशी,
तुझीच
शिल्पा