नारळ ज्याच्या हातात

सोमवार, ६ जानेवारी

पाच वर्षांची योजना! उत्तराने फोनवर अशा आवाजात सांगितलं, जणू घरात मुलगी झाली. संस्थेला पैसे देणाऱ्या कंपनीने कळवलंय — सगळ्यांनी मिळून पाच वर्षांची योजना ठरवा, मगच पुढची मदत. सगळ्यांनी मिळून! आमच्या विश्वस्तांनी सगळ्यांनी मिळून आजवर फक्त चहा प्यायलाय. त्यात सर्वांत तरुण आमच्या अध्यक्ष उत्तराबाई, वय बासष्ट. पाच वर्षांनी आम्ही कुठे असू? अर्धे मुलांकडे अमेरिकेत, अर्धे अमरधामला.

खरी गोम पुढे होती. 'मालिनीताई, तीनपैकी एक काम बंद करावं लागेल हं.' तीन म्हणजे लताबाईंचा शिवणवर्ग, म्हाताऱ्यांचे दुपारचे डबे आणि माझी पुस्तकांची गाडी. कोणतं बंद होणार हे सांगायला ज्योतिषी नको. 'गाडीतली पुस्तकं जशी जातात तशीच परत येतात,' असं लताबाई मागच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाल्या. लोकांना वाचायला नको, त्यात गाडीचा काय दोष?

ओझर, विंचूर, एकलहरे. आठवड्यातून दोन दिवस मी जातीने गाडीत बसते. बाकीचे दिवस सचिव म्हणून कचेरीत. पण इस्त्रीची साडी नेसते ती फक्त गाडीच्या दिवशी. बंद करून दाखवाच!

बुधवार, ८ जानेवारी

उत्तराचा निरोप: 'शनिवारी योजनेच्या शिबिराला येताना मन मोकळं घेऊन या.' मी उशी घेऊन जाणार आहे. हॉलमधल्या खुर्च्या लोखंडी आहेत.

शनिवार, ११ जानेवारी

पुण्याहून मयुरेश आला. योजना आखून घेणारा. दाढी, झब्बा, बुटांत मोजे नाहीत. स्वतः काहीच सांगत नाही, जे काय ते आपल्याकडूनच काढून घेतो. याला म्हणे फार कौशल्य लागतं!

सुरुवात नारळ फोडून करायची होती. लताबाई नारळ घेऊन उभ्या. तेवढ्यात मयुरेशला आठवलं, आपला चेंडू पुण्यातच राहिला. चेंडू कशाला? तर ज्याच्या हातात चेंडू, त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. म्हणाला, 'नारळ चालेल! फक्त फोडू नका, प्लीज.' न फोडलेल्या नारळाने कामाला सुरुवात! मी काही देवभोळी नाही, सगळं शिक्षण नन्सच्या हाताखाली झालंय, पण मलासुद्धा ते बरं दिसलं नाही.

नारळ फिरत फिरत माझ्याकडे आला. मी गाडीबद्दल बोलले. थोडंच. मयुरेशने दोनदा हात पुढे केला. मी नारळ मांडीवर घेतला.

'मॅडम, इतरांनाही ऐकूया का?'

'ऐकू की. माझं झालं की ऐकू.'

शेवटी पगारे साहेब उठले. धम्मपाल पगारे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त, एरवी अत्यंत सभ्य गृहस्थ. 'ताई, जरा बघू, पाणी आहे का यात.' मी भाबडेपणाने दिला. त्यांनी कानाशी हलवला, बाहेर गेले आणि पायरीवर आपटून फोडला! खोबरं वाटलं. माझं भाषण संपलं! मयुरेश म्हणाला, 'हेही आपल्या प्रोसेसमध्ये बसतं.' याच्या प्रोसेसमध्ये काय बसत नाही ते एकदा विचारायला हवं.

जेवणानंतर डोळे मिटून २०३० साल बघायचं होतं. पगारे साहेब घोरायला लागले. 'उठवू नका,' मयुरेश कुजबुजला, 'ते खोलवर गेलेत.' मी डोळे मिटलेच नाहीत. कॉन्व्हेंटात प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवणारीलाच कळायचं, चिमटे कोण काढतंय.

भिंतीवर 'पार्किंग' नावाचा एक कागद आहे. जे मुद्दे आत्ता नकोत ते तिथे चिकटवायचे. संध्याकाळी जाऊन वाचला. सगळे माझेच!

रविवार, १२ जानेवारी

मतदान. तीन कामांचे तीन कागद, प्रत्येकाच्या हातात थोडे ठिपके, हव्या त्या कामावर चिकटवायचे. ठिपके कमी पडले. उत्तराने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. मरून टिकल्या, चंद्रकोरीसुद्धा! पगारे साहेब चंद्रकोर बोटावर घेऊन किती वेळ नुसते उभे होते.

मी पाठ करून बसले. बघायचंच नव्हतं. मग मयुरेश म्हणाला, 'मॅडम, वळा तरी.'

वळले. गाडीच्या कागदाला गोवर आला होता!

लताबाईंनीसुद्धा स्वतःच्या सगळ्या टिकल्या गाडीला दिल्या. 'शिवणवर्ग मी घरी घेईन, बंद करा इथला,' म्हणाल्या. ठराव झाला: गाडी आता दोन नाही, आठवड्यातून सहा दिवस. प्रमुख मी. मार्चमध्ये कंपनीचा माणूस येऊन बघणार, पुस्तकं वाचायला जातात की नाही. जात नसली तर गाडी बंद. बघू दे की!

डोळ्यांत पाणी आलं. मयुरेशने रुमाल पुढे केला. मोज्यांबद्दल लिहिलेलं मागे घेते.

सोमवार, १३ जानेवारी

मोज्यांबद्दल लिहिलेलं कायम!

सकाळी मुद्दाम कचेरीत गेले, लताबाईंचे आभार मानायला. म्हटलं, 'स्वतःचा वर्ग सोडलात तुम्ही गाडीसाठी. मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं.'

'आभार कसले, बाई? सहा दिवस गाडी म्हणजे सहा दिवस तुम्ही गाडीत. आमच्या बैठका तरी पुऱ्या होतील.'

पगारे साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. त्या खिडकीबाहेर भिंत आहे.

उत्तराला गाठलं. 'तसं नाही हो ताई, तसं नाही हो...' इतक्या वेळा म्हणाली की तसंच आहे.

उद्या राजीनामा लिहिते. माझ्याशिवाय गाडीत कोणी बसणार नाही. जाऊ दे, बंद पडू दे गाडी. बसा शिवत!

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देताना सगळे एकमेकांना एकदा म्हणाले, गोड बोला. मला दोनदा.

बुधवार, १५ जानेवारी

विंचूरची शेवटची फेरी, म्हणून गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कांदा निवडणाऱ्या बायका गाडीशी येतात. त्यांतली भागीबाई रहस्यकथा हातात घेते, उलटीपालटी करते आणि परत ठेवून जाते. नेहमीचंच! आज म्हटलं, जाता जाता विचारून तरी बघू.

'भागीबाई, आवडत नाहीत का तुम्हाला ही पुस्तकं?'

'आवडत्यात ना म्याडम. पन तुमी आधीच समदी गोष्ट सांगून टाकता. खून कोनी केला ते बी सांगता. मंग घरी नेऊन काय वाचू?'

मागून कोणीतरी म्हणालं, 'आन तेवढ्यात सुट्टी बी सरती!' खो खो हसल्या सगळ्या.

मी गोष्ट सांगते ती गोडी लागावी म्हणून! परतताना आमच्या चालकाला, कारभारीला विचारलं, 'मी शेवट सांगते का रे?' 'नाय मॅडम,' म्हणाला आणि जोरात हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

राजीनामा अजून लिहिलेला नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

ओझर. दुपारभर तोंड उघडलं नाही. गाडीतले पुस्तकांचे कप्पे रिकामे! कारभारी घाबरून म्हणाला, 'मॅडम, दवाखान्यात घेऊ का गाडी?'