सुमनच्या गुडघ्यांचं औषध

बुध., ५ नोव्हें.
बबडीला घेऊन कराडला जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. लघवीतून रक्त जात होतं, त्याचं कारण सापडलं. मूत्राशयात गाठ. कॅन्सर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, काढता येईल अशी जागा नाही. पण माणसांच्या सांधेदुखीचं एक औषध कुत्र्यांच्या या गाठीवर कधी कधी लागू पडतं. गाठ जाईलच असं नाही. थोडे महिने मिळतील." चिठ्ठी वाचली. नाव ओळखीचं. बायकोची, आमच्या सुमनची, गुडघ्यांची कॅप्सूल!

गुरु., ६
सु. गेल्यापासून तिचा औषधांचा डबा उघडला नव्हता. आज उघडला. अर्धी स्ट्रिप शिल्लक, मुदत संपलेली. बबडीला नवीन आणलंय. जुनी टाकून देणार होतो, परत डब्यात ठेवली.
बबडी तिचीच. मला नुसता वॉचमन समजते.

रवि., ९
रक्त कमी. शेजारच्या कोंबडीमागं पळाली, शिव्या मी खाल्ल्या. लय बरं वाटलं. औषध रोज सकाळी, भाकरीच्या घासात लपवून.

सोम., १०
सु. सोमवार धरायची, आता मी धरतो. सोमवारी घरात भाकरी नाही. बबडीला औषध केळ्याच्या फोडीतून दिलं. बाकी दिवसभर दोघंही चहा-पाण्यावर. म्हणजे चहा माझा.

मंगळ., ११
बबडीला उलट्या. शी डांबरासारखी काळी. फोन लावला.
"रिकाम्या पोटी दिलंत?"
"आवं, सोमवार हुता माझा."
"उपास तुमचा का कुत्रीचा, काका?"
पोटात जखम झाली असणार म्हणाल्या. औषध बंद. पलटणीत इतकी वर्षं हुकूम पाळले आणि चिठ्ठीवरचं 'जेवणानंतर' पाळता आलं नाही. स्वतःचीच लाज वाटते.

शनि., १५
शी नीट. पण लघवीत परत लाल. बाई म्हणाल्या, सोमवारपासून पुन्हा सुरू करू, भरल्या पोटी. नेमका सोमवारच!

सोम., १७
सकाळी भाकरी थापली. सु. असती तर म्हणाली असती, "आवं, पातळ थापा की." जाडच झाली. बबडीनं नुसता वास घेतला आणि दाराकडं बघत बसली. अजून वाट बघते तिची.
"न्हाई यायची गं ती. खा." मलाच रडू आलं.
मग तिच्यासमोर बसून मी एक घास खाल्ला. तेव्हा तिनं खाल्लं, वर औषधपण.
गुरुवारी सोनोग्राफी. गाठ किती राहिली ते तेव्हा कळेल. सु., रागावू नकोस. पुढचाही सोमवार मोडायला मिळू दे.