तळहातावरचा रस्सा

प्रिय चिमणे,

तुझी लोणच्याची बरणी पोचली. झाकणावर प्लॅस्टिक, त्यावर जुन्या साडीचा तुकडा, त्यावर दोरा आणि दोऱ्याला तुझ्या त्या हट्टी गाठी. त्या सोडवता सोडवताच माझी दुपारची सुट्टी संपली. बरणी आणणाऱ्या बाई म्हणाल्या, आता माझ्या सगळ्या कपड्यांना तुमच्या घराचा वास येतोय. पण म्हणताना हसल्या, म्हणजे रागावल्या नसाव्यात. बरणीबरोबर तुझा निरोपही त्यांनी दिला: ताई, आता परत ये, खानावळ तू सांभाळ, मी दमले. बस, एवढंच. तू आणि एवढंच बोलणार! साधा पाऊस पडला की नाही हे सांगायला तुला अर्धा तास लागतो. म्हणून मी फोन केला नाही. फोनवर तू विषय बदलतेस आणि मी तो बदलू देते.

आत्ता दुपारची गर्दी ओसरली आहे. हॉटेलच्या मागच्या दाराशी तेलाचा रिकामा डबा पालथा घालून बसले आहे. समोर कचऱ्याचे डबे, पलीकडे भिंत, भिंतीवर एक मांजर. इतकी वर्षं मला इथून एवढंच दिसतं आणि खरं सांगू, मांजर सोडलं तर माझी कुणाशी फारशी ओळख नाही. मला परत यायचंय की नाही, हे मी तुला काय सांगू? प्रश्न तो नाहीच. तुला हवाय आईच्या हातचा रस्सा. आईमागे गिऱ्हाइकं तुझ्यावर टिकून आहेत, ती रस्सा बिघडला तर टिकणार नाहीत, हे मला कळतं. पण तो रस्सा माझ्याकडे उरलाय का, हे आधी बघायला हवं होतं.

आई स्वतः कधी चाखायची नाही, आठवतं ना? शिजवणाऱ्याची जीभ खोटं बोलते म्हणायची. वाफेने बधिर, घामाने खारट, वर आपल्याच पदार्थावर माया. मी कांदा-खोबरं भाजायची, वाटायची, ढवळायची, आणि पातेलं उतरायच्या आधी आई हाक मारायची, चिमणे, हात धुऊन ये गं. तू खेळ टाकून धावत यायचीस, उजवा तळहात पुढे करायचीस, आई पळीतून थेंबभर रस्सा त्यावर सोडायची. तू चाटायचीस आणि डोळे मिटायचीस. बाहेर बाकांवर माणसं खोळंबलेली, ताटं वाजवतायत, आणि आत आम्ही दोघी एका परकरी पोरीच्या तोंडाकडे बघत उभ्या. तू म्हणायचीस, आंबट कमी. की चिंच पडायची. मला केवढा राग यायचा तुझा! मी चुलीपुढे भाजून निघायची आणि भाव तुला.

इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, सामान मिळणार नाही, म्हणून चव बदलेल. चिमणे, सामान सगळं मिळतं. चिंचसुद्धा मिळते, वडीसारखी दाबलेली, कागदात गुंडाळलेली. पहिल्या दिवशी मी अगदी आईसारखा रस्सा केला, पातेलं उतरायची वेळ आली, आणि सवयीने मागे वळले. मागे कोण होतं? भांडी घासणारी बाई. अंगापिंडाने एवढी की मनातल्या मनात मी तिला डोंगर म्हणते. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. मी पळी पुढे केली, हात कर अशी खूण केली. तिने माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं आणि जाऊन चमचा घेऊन आली. चाखला मात्र, आणि डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, गळा धरून ती खाली बसली. मालक धावत आले. ते आपल्याकडचेच, पण जन्म सगळा इथलाच. म्हणाले, बाई, गिऱ्हाईक रडलं तर परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिखट कमी केलं. डोंगरने भुवया वर केल्या. मग आणखी कमी. मग थोडी साय घातली, तशी भुवया खाली आल्या. चिंचेला ती तोंड वाकडं करायची, म्हणून चिंच कमी केली आणि साखर घातली. ज्या दिवशी चमचा चाटून तिने पुन्हा पळीकडे बघितलं, त्या दिवसापासून हॉटेल चालायला लागलं. मला कुणी बदल कर असं सांगितलं नाही गं. मी फक्त समोरच्या तोंडाकडे बघत गेले, आईने शिकवलं तसं. आता पाटीवर आपल्या देशाचं नाव आहे आणि पातेल्यात डोंगरची जीभ आहे. गेल्या वर्षी आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक आपल्याकडे फिरून आलं. फार नाराज होतं. म्हणालं, तुमच्या देशात सगळं छान आहे, पण तुमचा रस्सा तिथे कुणालाच नीट करता येत नाही! मी पोट धरून हसले. खोलीवर आल्यावर मात्र हसू आलं नाही.

तुझा निरोप आला त्या आठवड्याच्या सुट्टीला मी खोलीवर आईचा रस्सा केला. एका माणसापुरता. एका माणसापुरतं शिजवायला आपल्याला कुणी शिकवलंच नाही, पातेल्याच्या तळाशी सगळं करपायला बघतं. उतरवायच्या आधी माझाच डावा हात पुढे केला आणि उजव्या हाताने त्यावर थेंब सोडला. चाटलं. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, अगदी डोंगरसारखी खाली बसले. तिखट फार वाटलं. आंबट फार वाटलं. आईचाच होता की माझी जीभ आता इथली झाली, ते सांगायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला एकच माणूस आठवलं. म्हटलं, चिमणीला विचारायला हवं. ती चाखेल आणि सांगेल.

मग मी तुझं लोणचं उघडलं.

भातावर फोड घेतली आणि तोंडात घातली. चिमणे, मिठाशिवाय त्यात काही लागत नव्हतं. दोनदा पडलं असणार. नुसत्या वासाने मीठ कमी-जास्त सांगणारी तू! दुसऱ्या दिवशी डोंगरलाही दिलं, आताशा ती चमचा आणत नाही, हात पुढे करते. तिने ते थुंकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. खोटं बोलले. तुला कुणी नावं ठेवलेली मला चालत नाहीत, ते भाव खाण्याचे दिवस असोत की हे.

मग एकेक आठवत गेलं. मोठा ताप येऊन गेल्यानंतर तू फोनवर काय जेवलीस हे सांगणं सोडलंस. मागे व्हिडिओ लावलास तेव्हा पातेल्यापाशी खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या मावशी उभ्या होत्या, तळहात त्यांनी पुढे केला होता, आणि तू त्यांच्या तोंडाकडे बघत होतीस. मी म्हटलं, तुझं तोंड आलं असेल. तुला चव लागत नाही, हो ना? वासही गेलाय. कुणाला सांगितलं नाहीस, कारण खानावळीत हे कळलं तर काय होईल ते तुला माहीत आहे. आणि मला सांगितलं नाहीस, कारण मला सांगितलं की ते खरं होईल. म्हणून नुसतं, मी दमले.

हे पत्र तेवढ्यासाठी. मी येतेय. मालकांना सांगून झालं, डोंगरलाही सांगितलं, त्या दिवशी ती भांडी फार वाजवत होती. पण आईचा रस्सा मी आणत नाहीये, चिमणे. तो कसा होता हे आता सांगू शकेल असं आपल्या दोघींत कुणी उरलं नाही. मी करीन तो कसा होईल मला माहीत नाही. थोडा गोडसर होईल, बाकांवरची माणसं कुरकुरतील, मावशी बिचाऱ्या सांभाळून सांगतील. हळूहळू त्यांच्या तोंडाकडे बघत मी तो वळवीन, मला तेवढंच येतं. फक्त पातेलं उतरायच्या आधी मी हाक मारीन. तू हात धुऊन ये आणि तळहात पुढे कर. लागलं नाही तरी डोळे मीट. काही सांगू नकोस. इतकी वर्षं मी वळून बघितलं की तिथे तू नसायचीस, मला तेवढं एकदा बघायचं आहे.

तुझीच, अजून चुलीपुढेच उभी असलेली,
ताई