तिसरं घड्याळ

४ मार्च, सोमवार.
कॉलेज सोडलं ते बरंच झालं. प्रोफेसर माझ्यावर डूख धरून होते. मामांच्या घड्याळाच्या दुकानात माझ्या बुद्धीला वाव आहे. शोकेसमध्ये एकाच कंपनीची पाणबुड्यांची घड्याळं ओळीने मांडायची आहेत, अगदी पहिल्यापासून आजपर्यंतची. पाट्या मी लिहिणार. समोर चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासते. तिला माझं अक्षर दिसायला हवं.

५ मार्च.
अभ्यास केला. पाण्याखाली किती वेळ झाला ते दाखवणारी बाहेरची कडी पहिल्या घड्याळात दोन्हीकडे फिरायची. धक्का लागला की पाणबुड्याला वाटायचं, हवा अजून बरीच उरलीय. दुसऱ्यात ती एकाच दिशेने फिरते. चूक झालीच तर माणूस लवकर वर येतो. शिवाय वेळ लावायची चावी स्क्रूसारखी आवळायची, म्हणजे पाणी शिरत नाही. पाटी नंबर दोनवर हे ठळक लिहिलं. पुढे तीनशे मीटर खोलीपर्यंत चालणारं, मग हजार. शेवटचं सोन्याचं. मामा म्हणाले, ते घेणारे हात धुतानाही काढून ठेवतात.
तिसरं अजून मिळालेलं नाही. मामांनी कुणालातरी सांगून ठेवलंय. कुणाला, ते सांगत नाहीत. का?

६ मार्च, दुपार.
तिच्याकडे डोळे तपासले. तिसऱ्यांदा. नजर उत्तम असल्याचं तिने लिहूनच दिलं. मी पुन्हा येऊ नये असा डाव दिसतो. कागद पाकिटात, फोटोच्या जागी ठेवला.

७ मार्च.
डाव कळला. एक उंच माणूस तिच्याकडे तासभर बसला. तिने त्याला स्वतःच्या डब्यातलं वाढलं. निघताना त्याने तिच्या डोक्यात टपली मारली. माझं रक्त तापलं. स्क्रू-ड्रायव्हर टेबलात खुपसला. टेबल मामांचं होतं.
त्याचे केस पांढरे आहेत. रंगवलेले असणार. नाक थेट तिच्यासारखं. अशी माणसं कुठल्या थराला जातील, सांगता येत नाही.

९ मार्च, सकाळ.
तोच दुकानात. मामा बाहेर गेलेले. मनगटावरचं घड्याळ काढून म्हणाला, मामांना द्या, याने माझ्याबरोबर अठ्ठावीस वर्षं समुद्रात नोकरी केली, आता आराम करू दे. मग माझं शिक्षण, घरी कोण कोण, स्वभाव तापट आहे का, सगळं विचारलं. तापट नाही असं मी ओरडून सांगितलं. संध्याकाळी परत येतोय.
घड्याळाची काच ओरखडलेली. सात मिनिटं मागे. अस्सल असं असतं? बनावट आहे. पितळ आज तिच्यादेखत उघडं पाडणार. तिला निरोप धाडला.

त्याच दिवशी, ६.३०.
आधी चावी सैल करून वेळ बरोबर लावली. माझं काम चोख असतं. मग मामा, तो आणि ती बघत असताना घड्याळ पाण्याच्या ग्लासात सोडलं. अस्सल असेल तर काही होणार नाही, म्हणालो.
बुडबुडे आले. काचेआड धुकं साचलं. मी विजयी नजरेने तिच्याकडे पाहिलं. ती त्याला बाबा म्हणाली.
मामांनी एवढंच विचारलं, चावी परत आवळली होतीस का?

११ मार्च, सोमवार.
तिसरं घड्याळ ओळीत बसलं. बंद आहे. पाटी मामांनी सांगितली, मी लिहिली: 'तीनशे मीटरसाठी बनवलेलं. समुद्रात अठ्ठावीस वर्षं कोरडं. दुकानात भिजलं.' अक्षर सुबक काढ, म्हणाले.
तिचे बाबा रागावले नाहीत. याचाच मला संशय येत होता. मामांकडून कळलं, घड्याळ हे निमित्त. ते मला बघायला आले होते. तिनेच पाठवलं होतं.
दुपारी ती आली. पाटी वाचली. मग नजर उत्तम असल्याचा तो कागद परत मागितला.
दिला.