शोकेसमधलं निळं लाइट

हरिदास,

मी सुमतीले घेऊन धंतोलीत डोळ्याच्या डॉक्टरकडे चालली. तिचे डोळेच उघडून नाही राहिले. रेती भरल्यावानी टोचते म्हणते, तोंडही भाजल्यावानी लाल झालं.

काल बुद्ध जयंतीले तू शोकेसची काच काढून मूर्तीमागं ते निळं लाइट लावलं. पांढरी साडी कशी चमकते म्हणून बायकोले सांजभर त्याच्यासमोर बसवलं. म्या म्हटलं, कायचा तरी वास येऊन राहिला गा. तं तू म्हणे, "माय, तुले काय समजते?"

दवाखान्यातला तुह्या संगचा वायरमन धोंडबा आत्ता सांगून गेला. ती आपरेशनच्या खोलीतली जंतू मारायची ट्यूब आहे. तिथं लावायच्या आधी तूच सगळ्याइले बाहेर काढतं, दाराले कडी लावतं. अन् घरी बायकोले समोर बसवतं! तिले काय जंतू समजला का?

भात झाकून ठेवला, खाऊन घे.

ट्यूब काढून, चादरीत गुंडाळून संग घेतली. डॉक्टरनं विचारलं तं सांगीन, माह्या पोरानं दवाखान्यातून न विचारता उचलून आणली. तुही नोकरी गेली तं दुसरी भेटन. तिले दुसरे डोळे कोण देईन?

माय